इंजेक्टरची सफाई : आधी मोजमाप, मग पाना

दुकान ते गोदाम आणि गोदाम ते ट्रान्सपोर्ट अशा फेऱ्या मारणारी लहान व्हॅन जास्त पेट्रोल पिऊ लागली, की नफ्याला गळती लागते. ही गळती वहीत कोठेच दिसत नाही. गाडी धक्के खाऊ लागते, सकाळी लवकर चालू होत नाही. मग गॅरेजमध्ये सांगितले जाते, ‘इंजेक्टर साफ करावे लागतील.’ आपण मान डोलावतो, कारण इंजेक्टर म्हणजे काय हेच आपल्याला ठाऊक नसते. आम्ही कापडाचा व्यापार करणारी माणसे तागा उलगडून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मग न समजलेल्या कामाचे पैसे तरी का मोजावेत? ही सफाई घरी कितपत करता येते आणि कोठे थांबावे, याची माहिती व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी येथे देत आहोत.

इंजेक्टर काय करतो?

पूर्वी मोटारीत कार्बोरेटर असे. सन २००० मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि पुढच्या काही वर्षांत मोटारींतून तो हद्दपार झाला. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर मोटारसायकलीही इंजेक्टरवर आल्या. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. गाडीचा संगणक इशारा देतो, आतील सुई क्षणभर उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत उभे असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ४०० वेळा उघडतो. साध्या पेट्रोल गाडीत यामागे सुमारे ३ बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा.

इस्त्रीवाला कपड्यावर पाणी शिंपडतो ते आठवावे. बारीक तुषार पडले तर कापड सारखे भिजते. थेंब पडले तर एक जागा ओली आणि दुसरी कोरडी राहते. इंजेक्टरच्या तोंडाशी घाण जमली की फवाऱ्याऐवजी धार लागते, पेट्रोल नीट जळत नाही आणि पैसा धुरातून जातो.

घाण कशाने जमते?

अनेकांना वाटते की घाण पेट्रोलमधूनच येते. भेसळ आणि टाकीतील गाळ ही कारणे आहेतच, पण मोठे कारण वेगळे आहे. इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता इंजेक्टरपर्यंत चढते. तोंडाशी राहिलेला पेट्रोलचा अंश उडून जातो आणि मागे वार्निशसारखा चिकट थर उरतो. दिवसातून वीस वेळा चालू-बंद होणाऱ्या गाडीत हा थर लवकर साचतो. बाजारातील आपल्या गाड्या नेमक्या अशाच चालतात.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचे दुखणे निराळे. त्यांत पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्‌महिने रिकामे बसतात आणि आतील पेट्रोल शिळे होते. अशी गाडी रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालवावी.

आरोप सिद्ध होऊ द्या

एअर फिल्टर तुंबला, स्पार्क प्लग झिजला, थ्रॉटल बॉडीत काजळी बसली किंवा पेट्रोल पंप कमजोर झाला, तरी गाडी हीच लक्षणे दाखवते. म्हणून इंजेक्टरला पहिला आरोपी करू नये. आधी हवा आणि प्लग तपासावेत. इंजिनाचा दिवा पेटला असेल तर यंत्र लावून कोड वाचून घ्यावा.

त्याबरोबर मायलेजचा हिशेब ठेवावा. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते पाहावे. असे तीन वेळा करावे. समजा, गाडी लिटरला १५ किलोमीटर देत होती आणि आता १३ देते. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्यास १०० लिटरऐवजी ११५ लिटर लागतील. आकडा हाती असला की सफाईवर किती खर्च करणे परवडते ते कळते आणि सफाईनंतर फायदा झाला की नाही तेही कळते. हिशेब न ठेवणाऱ्यास यातले काहीच सांगता येत नाही.

घरची पहिली पायरी : टाकीतील औषध

पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरच्या बाटल्या बाजारात मिळतात. ज्यात पॉलिइथरअमाइन हे द्रव्य आहे ती बाटली पसंत करावी, कारण ते चिकट थर विरघळवण्यास उपयोगी पडते. गाडीच्या पुस्तिकेत अशा औषधास मनाई नाही ना, हे आधी पाहावे. टाकी पाव उरली असता बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात औषध टाकावे, मग पेट्रोल भरावे आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवावी. जास्त टाकल्याने जास्त सफाई होत नाही. थर पातळ असेल तर एक-दोन टाक्यांत फरक जाणवतो.

रॉकेल, थिनर किंवा कोणी सांगितलेला घरगुती काढा टाकीत कधीही ओतू नये. त्याने रबरी सील फुगतात, सेन्सर आणि सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणारा भाग खराब होतो. बाटलीचे पैसे वाचवण्याच्या नादात मोठा खर्च अंगावर येतो.

दुसरी पायरी : इंजेक्टर काढून धुणे

ज्यांच्या हाताला पाना-पकडीची सवय आहे त्यांनीच हे करावे, आणि तेही साध्या पेट्रोल गाडीवरच. जागा उघडी व हवेशीर असावी. विडी, दिवा, शेगडी जवळ नको. आग विझवण्याचे पावडरचे नळकांडे हाताशी ठेवावे. चष्मा आणि हातमोजे घालावेत.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. ते आपोआप बंद पडले की लाइनमधील दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी.

२. इंजेक्टरभोवतीची धूळ आधी ब्रशने झाडावी, नाही तर ती थेट इंजिनात पडते.

३. वायरचे प्लग काढताना प्रत्येकावर क्रमांक लिहावा. पेट्रोलची नळी सोडवताना खाली फडके धरावे. मग रेल इंजेक्टरसकट सरळ वर ओढावी. उघडी भोके स्वच्छ कापडाने झाकावीत, मात्र धागे सुटणारी चिंधी वापरू नये.

४. मल्टिमीटरने प्रत्येक इंजेक्टरचा रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहमच्या दरम्यान आणि सर्वांचा जवळपास सारखा असतो. एखाद्याचा फारच वेगळा आला तर त्याची कॉइल गेली आहे. धुऊन तो सुधारणार नाही, बदलावाच लागेल.

५. बाहेरचा भाग इंजेक्टर क्लीनरने आणि मऊ ब्रशने पुसावा. तोंडात सुई, टाचणी किंवा तार घालू नये. ते भोक मापाने पाडलेले असते. एक ओरखडा पडला तरी फवारा कायमचा बिघडतो.

६. आतून धुण्यासाठी सुई विजेने उघडावी लागते. काही जण घरी बॅटरी लावून ते करतात. पण पेट्रोलच्या वाफेत एक ठिणगी पुरते, आणि सतत वीज दिल्यास कॉइलही जळते. म्हणून घरचे काम येथेच थांबवावे आणि सुटे इंजेक्टर अल्ट्रासॉनिक यंत्र असलेल्या कारागिराकडे न्यावेत, असे आमचे मत आहे. काढण्या-बसवण्याची मजुरी तरी वाचते.

७. परत बसवताना प्रत्येक इंजेक्टरच्या रबरी ओ-रिंगा नव्याच घालाव्यात आणि त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. जुनी रिंग गळली तर पेट्रोल गरम इंजिनावर पडते आणि गाडी पेट घेऊ शकते.

८. फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर लगेच इंजिन चालू करू नये. किल्ली दोन-तीन वेळा फक्त ‘ऑन’ करावी म्हणजे पंप दाब भरतो. प्रत्येक सांधा पाहावा, वास घ्यावा. ओल दिसली नाही तरच इंजिन चालू करावे.

जेथे हात लावू नये

आजच्या डिझेल पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धत असते आणि तिचा दाब हजार बारच्याही वर जातो. तिची नळी चालू इंजिनात सैल केली तर डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. पेट्रोलच्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांतही दाब फार मोठा असतो. अशा गाड्यांत मालकाने फिल्टर वेळेवर बदलावा, डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढवून घ्यावे आणि बाकीचे काम जाणकारावर सोडावे.

जुन्या गाडीच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओल धरून ठेवते आणि जुन्या टाकीतील चिकटा सोडवते. तो चिकटा फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून फिल्टरकडे लक्ष ठेवावे.

कारागीर बंधूंसाठी

कार्बोरेटरच्या काळात उस्तादाचा कान हेच यंत्र होते. आज अल्ट्रासॉनिक यंत्रासोबत मापाच्या काचेच्या नळ्या मिळतात. सर्व इंजेक्टर एकाच वेळी सोडले, की कोणाचे पेट्रोल किती भरले आणि फवारा कसा पडला हे उघड दिसते. या नळ्या गिऱ्हाइकाला धुण्याआधी दाखवाव्यात आणि धुतल्यानंतरही दाखवाव्यात. जुन्या ओ-रिंगा त्याच्या हातात द्याव्यात. नळ्या आधीच सारख्या भरल्या, तर ‘सफाईची गरज नाही’ असे सांगून फक्त तपासणीचे पैसे घ्यावेत. त्या दिवशी गल्ल्यात चार पैसे कमी पडतील, पण ते गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजची पायरी चढणार नाही. मापात खरा राहणारा दुकानदार कापडाचा असो की इंजेक्टरचा, त्याचे दुकान टिकते.

मालकांनीही गॅरेजमध्ये एवढेच विचारावे, ‘धुण्याआधीचे माप दाखवा.’ जो दाखवील त्याच्याकडे काम द्यावे.