गंडम मार्क-२ : सांगाडा एक, हात अनेक

माणूस आत बसून चालवतो असे राक्षसी यंत्रमानव जपानी कार्टूनमध्ये ढिगाने सापडतात. त्यातला माझा आवडता म्हणजे 'गंडम मार्क-२'. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९८५ साली आलेल्या 'झीटा गंडम' मालिकेतला. हसू नका! मशीन डिझाइनच्या पेपरात न येणारा एक धडा त्यात आहे.

आधी आकडे. १९७९ च्या मालिकेतला पहिला गंडम : उंची १८ मीटर, लढाईला सज्ज असताना वजन ६० टन, शक्ती १३८० किलोवॅट. मार्क-२ : १८.५ मीटर, ५४.१ टन, १९३० किलोवॅट. कॅल्क्युलेटर काढा. टनामागे २३ किलोवॅटवरून जवळजवळ ३६!

पण खरी गंमत सांगाड्यात आहे. पहिल्या गंडमचं चिलखतच बराचसा भार पेलायचं. मार्क-२ ला अंगभर स्वतंत्र, हलता सांगाडा दिला आणि चिलखत त्यावर चढवलं. ट्रकची चॅसिस आठवा. बॉडी बदला, चॅसिस तीच. चिलखताचा धातू मात्र पहिल्यापेक्षा हलक्या प्रतीचा. तिथे मार्क कापले पाहिजेत.

आता हे यंत्र कुणाकुणाच्या हातात गेलं ते बघा. ते बनवलं टायटन्स नावाच्या जुलमी लष्करी दलासाठी. बनवणाऱ्यांत एक इंजिनिअर होता फ्रँकलिन बिदान. गडद निळ्या रंगाच्या त्या यंत्रात आधी जेरिडसारखे टायटन्सचे पायलट बसले. मग फ्रँकलिनच्याच शाळकरी मुलाने, कामिलने, ते पळवून विरोधकांना मिळवून दिलं. रंग पांढरा झाला. पुढे कामिलला झीटा गंडम मिळाला, तेव्हा मार्क-२ एमा शीनकडे आला. ती मूळची टायटन्सचीच, त्यांचा अन्याय पाहून फुटलेली. शेवटच्या लढाईत तीही गेली. १९८६ च्या 'डबल झीटा'मध्ये भंगारावर जगणाऱ्या पोरांच्या टोळीतली एल वियानो त्यात बसू लागली.

यंत्राने एकालाही 'तू कुणाच्या बाजूचा?' असं विचारलं नाही. यंत्र विचारत नसतंच. ते विचारायचं काम इंजिनिअरचं, आणि फ्रँकलिनने ते केलं नाही. पळवलेलं यंत्र परत मिळावं म्हणून टायटन्सनी त्याच्याच बायकोला पारदर्शक कुपीत कोंडून ओलीस ठेवलं. मुलाच्या डोळ्यांदेखत ती मेली. कॅल्क्युलेशन सगळं बरोबर, आणि उत्तर हे असं.

माझा मिनी-ड्राफ्टर तीन सीनियर्सच्या हातून माझ्याकडे आलाय. सांधे चांगले म्हणून अजून चालतो. उद्या आपण बनवलेलंही असंच कुणाच्या तरी हातात जाणार. तेव्हा शीटवर खाली आपलं नाव टाकण्याआधी एकदा स्वतःला विचारा, माझ्यानंतर यात कोण बसणार?