विश्वासाची यादी : आभासी यंत्रे, प्रमाणपत्रे आणि तीन क्रियापदे

इंदूरच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तेथील भाषा-प्रयोगशाळेत बारा पडदे आहेत. पण त्यांच्यामागे बारा स्वतंत्र संगणक नाहीत. एकाच मोठ्या यंत्राच्या पोटात बारा 'व्हर्च्युअल मशीन', म्हणजे आभासी यंत्रे चालतात आणि रोज सकाळी ती आपली कार्यप्रणाली नेटवर्कवरून एका सर्व्हरकडून मागवून घेतात. गेल्या वर्षी व्यावहारिक मराठीच्या अंतर्गत परीक्षेच्या दिवशी त्यांतली सात सुरू झाली आणि पाच अडून बसली. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, एवढाच पडद्यावरच्या संदेशाचा अर्थ लागत होता. दाराबाहेर विद्यार्थी उभे. आमचे प्रयोगशाळा साहाय्यक म्हणाले, "मॅडम, पत्त्यातल्या एचटीटीपीएसमधला शेवटचा एस काढतो. पाच मिनिटांत बाराही चालू होतील." मी म्हणाले, "काढा."

परीक्षा वेळेवर झाली. तो 'एस' मात्र पुढचे तीन महिने परत आला नाही. त्या काळात काही बिघडले नाही, असे म्हणता येईल. पण काही बिघडले असते तर ते कळण्याची सोय आम्हीच काढून टाकली होती. तो 'एस' म्हणजे काय, हे त्या सकाळी मला ठाऊक असते तर मी इतक्या सहज होकार दिला नसता. प्रस्तुत पाठ त्या अज्ञानातून लिहिला आहे. विषय संगणकाचा असला, तरी त्याची निम्मी अडचण भाषेची आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिला प्रश्न : तू कोण?

यंत्र सुरू होते त्या क्षणी त्याच्याजवळ कार्यप्रणाली नसते; असते ते केवळ फर्मवेअर, म्हणजे यंत्राला जागे करणारी छोटी आज्ञावली. नेटवर्कवरून सुरू होण्याची जुनी रीत 'पीएक्सई' या नावाने ओळखली जाते. इंटेलने तिचे 2.1 हे मानक 1999 साली प्रसिद्ध केले. या रीतीत यंत्र 'मला पत्ता द्या, फाइल कुठे आहे ते सांगा' अशी हाक नेटवर्कवर देते आणि मग 'टीएफटीपी' या साध्या पद्धतीने फाइल उतरवून घेते. टीएफटीपीत ओळख पटवण्याची कोणतीच सोय नाही. हाकेला कोणी भलत्यानेच ओ दिली, तरी यंत्र त्याचे ऐकते.

2015 साली यूईएफआय या फर्मवेअरच्या मानकाच्या 2.5 या आवृत्तीत एचटीटीपीवरून सुरू होण्याची तरतूद आली. तिला सुरक्षित जोडणीची साथ मिळाली की तो 'एस' लागतो. मग फाइल घेण्यापूर्वी यंत्र सर्व्हरला विचारते, "तू कोण? तुझे प्रमाणपत्र दाखव." आभासी यंत्रालाही असेच फर्मवेअर असते. 'क्यूईएमयू'वर चालणाऱ्या यंत्रांसाठी मुक्त स्रोतातील 'ओव्हीएमएफ' हे फर्मवेअर बऱ्याच ठिकाणी वापरले जाते. आमच्याकडेही तेच आहे.

शिक्का आणि मोर्तब

प्रमाणपत्रात काय असते, हे मोडी कागद पाहिलेल्यांना समजावणे सोपे जाते. जुन्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर कोठे संपला ते कळे, म्हणजे खाली कोणी चार ओळी वाढवू नयेत. संगणकीय प्रमाणपत्राची सही ही दोन्ही कामे एकदम करते. त्यात सर्व्हरचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदतीच्या दोन तारखा आणि प्रमाणन प्राधिकाऱ्याची सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. या प्रमाणपत्रांचा साचा 'एक्स.509' या मानकाने ठरतो. त्याची पहिली आवृत्ती 1988ची.

पण शिक्का ओळखायला तो आधी पाहिलेला असावा लागतो. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर प्राधिकाऱ्याची सही आहे; त्या प्राधिकाऱ्यावर विश्वास का ठेवायचा? त्याच्यावर वरच्याची सही असेल म्हणून. असे वर वर जात शेवटी 'मूळ प्रमाणपत्र' येते. त्यावर त्याची स्वतःचीच सही असते, म्हणून ती सही काहीच सिद्ध करत नाही. तेथे यंत्राजवळ एकच आधार उरतो : हे मूळ आपल्या यादीत आहे का? यंत्राचा विश्वास म्हणजे ही यादी, आणि ती माणसाने लिहिलेली असते.

यादी जितकी लहान तितकी बरी, हे मला उशिरा समजले. यंत्राने कोणत्या पत्त्यावर जावे हे बहुधा नेटवर्कच सांगते, आणि ते सांगणाऱ्याची ओळख कोणी तपासत नाही. उद्या कोणी खोडसाळपणे यंत्राला स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळवले, तर त्या संकेतस्थळाजवळही एखाद्या सार्वजनिक प्राधिकाऱ्याचे खरेखुरे प्रमाणपत्र असू शकते. जगातले सगळे प्राधिकारी यादीत असतील, तर यंत्र त्यालाही मान्यता देईल. यादीत केवळ आपल्या संस्थेचे मूळ असेल, तर नाकारेल. नावाची गाठ घालणेही तितकेच आवश्यक आहे. 'ईडीके टू' या ज्या प्रकल्पातून ओव्हीएमएफ तयार होते, त्यात प्रमाणपत्रावरचे नाव आणि सर्व्हरचे नाव एकच आहे का, हे पाहणेच राहून गेले होते. ती उणीव 2019 साली दुरुस्त झाली. सही खरी होती, पण माणूस तोच का, हे कोणी विचारत नव्हते!

तीन क्रियापदे

आता भाषेकडे येते. या घटनेनंतर मी विद्यार्थ्यांना 'प्रमाणपत्र चालत नाही' याची कारणे लिहायला सांगितली. बहुतेकांनी एकच शब्द लिहिला : 'निरस्त'. हा आमच्याकडच्या हिंदीचा परिणाम. येथे गाडीही निरस्त होते आणि परवानाही. पण प्रमाणपत्राच्या बाबतीत तीन वेगळ्या घटना आहेत आणि तिघींचे कर्तेही वेगळे आहेत.

पहिली, *मुदत संपणे*. येथे कोणी काही करत नाही, काळ करतो. 30 सप्टेंबर 2021 रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स3' या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. तारीख आधीपासून ठाऊक होती, तरी ज्या जुन्या उपकरणांच्या यादीत नवे मूळ पोहोचले नव्हते, त्यांतल्या अनेकांच्या जोडण्या तुटल्या.

दुसरी, *रद्द करणे*. येथे कर्ता प्राधिकारी. जुलै 2014मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही संकेतस्थळांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. तेव्हा भारताच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या केंद्राची प्रमाणपत्रे मुदतीपूर्वीच रद्द केली.

तिसरी, *वगळणे*. येथे कर्ता यादी सांभाळणारा, म्हणजे आपण. 2011 साली नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या प्राधिकारी कंपनीच्या यंत्रणेत घुसून कोणी तरी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. सह्या तांत्रिकदृष्ट्या अस्सल होत्या, मुदतही शिल्लक होती. म्हणून ब्राउझर तयार करणाऱ्यांनी ते मूळच आपापल्या यादीतून काढले. कंपनीचे त्याच सप्टेंबरात दिवाळे निघाले.

मुदत संपली तर नवे आणावे लागते. रद्द झाले तर का झाले ते विचारावे लागते. वगळायचे तर निर्णय घ्यावा लागतो. तिन्हींसाठी एकच शब्द वापरला की उपायही एकच सुचतो : 'एस काढा'.

पाच यंत्रांचे कोडे

आमच्या पाच यंत्रांचे कारण यांपैकी कोणतेच नव्हते. संस्थेने आपले अंतर्गत मूळ प्रमाणपत्र बदलले होते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सर्व्हरला नव्या मुळाचे प्रमाणपत्र दिले होते. ओव्हीएमएफमध्ये ही यादी दोन प्रकारे ठेवता येते. एक, प्रत्येक आभासी यंत्राच्या स्वतःच्या साठवणीत. यंत्राची नक्कल केली की त्या वेळची यादीही तशीच उतरते. दुसरा, यंत्रे ज्याच्या पोटात चालतात त्या मोठ्या यंत्राने सुरू होताना प्रत्येकाच्या हाती द्यायची. आमच्याकडे पहिला प्रकार होता. सात यंत्रांच्या नकला नवे मूळ यादीत जोडल्यावर काढलेल्या होत्या, पाच त्यापूर्वीच्या. पाचांना नवा शिक्का अनोळखी होता, म्हणून त्यांनी नकार दिला. खरे तर त्या सकाळी आपले काम चोख करणारी तीच पाच यंत्रे होती.

आता आम्ही दुसरा प्रकार स्वीकारला आहे. यादी एके ठिकाणी आहे. तेथे बदलली की बाराही यंत्रांना पुढच्या सुरुवातीला नवी मिळते. सोबत एक साधी नोंदवही ठेवली आहे : मूळ प्रमाणपत्राचे नाव, त्याचा ठसा, म्हणजे ओळखीची अक्षरमाला, कोणी जोडले, का जोडले, मुदत कधी संपते. ठसा देणाऱ्याशी फोनवर पडताळल्याशिवाय जोडायचे नाही. नवे आधी जोडायचे, सर्व यंत्रांवर चाचणी घ्यायची आणि मगच जुने वगळायचे. हा क्रम उलटा झाला की यंत्रे अडतात.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. 'सिक्युअर बूट' हे वेगळे प्रकरण आहे. ही यादी फाइल देणारा कोण ते पाहते. सिक्युअर बूट आलेल्या फाइलवर कोणाची सही आहे ते पाहते आणि त्यासाठी स्वीकृतांची व निषिद्धांची अशा दोन निराळ्या याद्या ठेवते. एक आहे म्हणून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू नये.

तीन महिन्यांनी 'एस' परत लावला, तेव्हा साहाय्यकांनी नोंदवहीत माझी सही मागितली. काढताना कोणी मागितली नव्हती.

स्वाध्याय

1. मुदत संपणे, रद्द करणे, वगळणे : प्रत्येकाचा कर्ता सांगून एकेक वाक्य लिहा.
2. मूळ प्रमाणपत्रावरील स्वतःची सही विश्वासाला पुरेशी का नाही?
3. 'विश्वासाची यादी लहान असावी' या विधानाचे कारण आपल्या शब्दांत मांडा.