सिंगापूरची पदवी आणि न्हावा शेव्याचे कागद

बारावीचे निकाल लागले की ‘इंटरनॅशनल बिझनेस’च्या पदवीसाठी मुलाला सिंगापूरला पाठवावे का, हा प्रश्न समुपदेशकांपुढे दर हंगामात त्याच घबराटीने येतो आणि त्यामागे बहुधा एकच समजूत असते, ती म्हणजे ज्या शहरातून आशियाचा माल जातो त्या शहरात शिकलेला मुलगा आपोआप व्यापारी होतो. ही समजूत चुकीची असून अनेक घरांना ती महागात पडते. सिंगापूर हे पुनर्निर्यातीचे, म्हणजे बाहेरून आलेला माल साठवून किंवा नुसता एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवून पुढे धाडण्याचे केंद्र आहे. 1819 मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने तेथे ठाणे वसवून ते शुल्कमुक्त बंदर म्हणून चालवल्यापासून मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावरचे हे बेट हाच धंदा करीत आले आहे आणि कंटेनरांच्या उलाढालीत आज शांघायखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. तेथे येणारे बहुसंख्य कंटेनर केवळ जहाज बदलून पुढे जातात, आणि या उलाढालीतली कमाई ज्याच्या हाती कागद बिनचूक असतात त्याच्याकडे जाते.

हे कागद कोणत्या प्रकारचे असतात ते पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे आयातदाराच्या बँकेने निर्यातदाराला दिलेली पैशाची हमी. तिच्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या यूसीपी 600 या नियमावलीप्रमाणे बँक मालाशी नव्हे तर कागदपत्रांशी व्यवहार करते आणि कागद तपासायला तिला जास्तीत जास्त 5 बँक-दिवस मिळतात, म्हणून बिल ऑफ लेडिंगवरील, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरील तपशील हमीपत्राशी जुळला नाही तर माल उत्तम असूनही पैसे अडकतात. दुसरा विषय मूळदेशाचा. सिंगापूरहून आलेल्या मालाला भारतात सवलतीचे शुल्क लागते, असे ऐकून कंपनी काढायला निघालेल्यांना हे ठाऊक नसते की चीनमध्ये तयार झालेला माल सिंगापूरच्या गोदामात कितीही दिवस पडून राहिला तरी चिनीच राहतो. सिंगापूरसह आग्नेय आशियातील देशांशी झालेल्या भारत-आसियान करारातील सर्वसाधारण नियमानुसार मालाच्या किमान 35 टक्के मूल्याची भर करारातील देशांतच पडलेली असावी लागते, शिवाय सीमाशुल्काच्या वर्गीकरणातील त्याचा सहा-आकडी क्रमांक प्रक्रियेमुळे बदललेला असावा लागतो आणि 2020 पासून मूळदेशाच्या दाव्याचा तपशील आयातदाराला स्वतःजवळ बाळगावा लागतो. खोट्या कागदांवर मोठाले व्यवहारही उभे राहतात, पण टिकत नाहीत, हे 2020 मध्ये हिन लिओंग या सिंगापुरी तेलव्यापारी कंपनीच्या कोसळण्याने बँकांना दाखवून दिले.

हे कागदांचे काम शिकण्यासाठी बी.कॉम., सनदी लेखापाल, एमबीए, परकीय व्यापार शिकवणाऱ्या संस्था हे मार्ग सर्वांना माहीत आहेत आणि ते वाईटही नाहीत. दुर्लक्षित राहतो तो सीमाशुल्क दलालाचा, म्हणजे ज्याला बंदरात अजूनही सीएचए म्हणतात त्याचा व्यवसाय. हा दलाल आयात-निर्यातदाराच्या वतीने आयातीचे बिल ऑफ एंट्री किंवा निर्यातीचे शिपिंग बिल दाखल करतो, मालाचे वर्गीकरण ठरवतो, शुल्क काढतो आणि माल सोडवून घेतो. 2018 च्या नियमांनुसार परवान्याच्या परीक्षेला बसण्यासाठी पदवी आणि त्याबरोबर एमबीए, एलएलबी किंवा सनदी लेखापाल यांसारखी व्यावसायिक पात्रता किंवा जी-कार्डधारक, म्हणजे सीमाशुल्क विभागाची परीक्षा उत्तीर्ण झालेला दलालाचा कर्मचारी, म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा लेखी आणि तोंडी असते. न्हावा शेवा, उरण, पनवेल आणि बेलापूर या पट्ट्यात असे काम शिकवणारी कार्यालये भरपूर आहेत, आणि सिंगापूरच्या पीएसए या बंदरचालक समूहाचे टर्मिनल 2018 पासून न्हावा शेव्यातच चालू आहे.

तरीही पालक या वाटेकडे नाक मुरडतात, कारण ‘क्लिअरिंगवाल्याकडे नोकरी’ हे शब्द नातेवाइकांत सांगायला जड जातात, तर ‘मुलगा सिंगापूरला असतो’ हे वाक्य प्रत्येक लग्नात कामी येते. त्या एका वाक्यासाठी घर गहाण टाकून कर्ज काढले जाते, त्याचे हप्ते मुलाच्या पहिल्या पगारावर टाकले जातात आणि त्याला वर्गीकरणाच्या सूचीत रस आहे की नाही हे कोणी विचारतही नाही. हा प्रकार शिक्षणाचा नसून प्रतिष्ठेच्या खरेदीचा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. सिंगापूरमधील बहुतेक खासगी संस्थांत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अर्धवेळ कामाची मुभा नसते. पुढे ‘एम्प्लॉयमेंट पास’ हा नोकरीचा परवाना हवा तर 2025 पासून नव्या अर्जाला दरमहा किमान 5,600 सिंगापूर डॉलर पगार लागतो, वित्तसंस्थांत आणि जास्त वयाच्या उमेदवारांसाठी त्याहूनही अधिक, आणि त्याशिवाय गुणांची कसोटी आहे. स्वतःची कंपनी काढली तरी तिचा किमान एक संचालक तेथील रहिवासी असावा लागतो, म्हणजे बहुधा भाड्याचा संचालक नेमून त्याचे दरवर्षीचे शुल्क भरावे लागते.

सागरी कायदा, लवाद किंवा जहाजांच्या वित्तपुरवठ्यात ज्याला खरोखर जायचे आहे त्याने मात्र सिंगापूरचा विचार अवश्य करावा, कारण 1991 पासून कार्यरत असलेल्या तेथील आंतरराष्ट्रीय लवाद केंद्रामुळे या क्षेत्रातील वकिली तेथे एकवटली आहे. अशाने प्रवेश सार्वजनिक विद्यापीठातच मिळवावा आणि सरकारी शिक्षण-अनुदान स्वीकारण्यापूर्वी त्याच्या करारातील अट वाचावी, कारण त्या अटीनुसार परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर तीन वर्षे सिंगापूरशी संबंधित आस्थापनेत नोकरी करणे बंधनकारक असते.