दार लावल्यावर

शास्त्रपाठ : मत्तय ४:१-११, ५:२३-२४, लूक १९:१-१०



अलिबागच्या उत्तरेस समुद्रकांठीं किहीम हें गांव नारळीपोफळींच्या वाड्यांत वसलेलें आहे. बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांचें आडनांव ह्याच गांवावरून पडलें. त्यांचा ग्रंथ १८९७ सालीं लिहून झाला, परंतु छापून निघाला तो १९३७ सालीं, तेल अवीव येथें. ह्या समाजाचे लोक किनाऱ्यावरील गांवोगांवीं तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं.

प्रायश्चित्ताच्या दिवसास ह्या लोकांनीं मराठींत नांव दिलें तें "दारफाळणीचा सण", म्हणजे दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशीं अन्नपाणी वर्ज्य, कामधंदा बंद, इतरांशीं व्यवहारही बंद. इब्री भाषेचें ज्ञान जवळजवळ लोपलें असतांही हा दिवस त्यांनीं सोडला नाहीं.

आपला लेंटचा काळ अधिक लांब आहे. भस्म बुधवारापासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतील ६ रविवार उपासांत धरीत नाहींत, म्हणून ४०. इतके दिवस दार लावून आपण काय पाहतों?

मोह बाहेरून येतो, असें आपणांस वाटतें : बाजारांतून, माडीच्या दुकानांतून, वाईट सोबतींतून. परंतु प्रभु अरण्यांत होता, तेथें बाजार नव्हता कीं सोबती नव्हता. तरी परीक्षक आला. आणि प्रथम त्यानें काय पुढें केलें? भाकर. भूक लागणें हें कांहीं पाप नव्हे. आपल्या खऱ्या गरजेचाच हात धरून तो आपणांस नेतो, म्हणून त्याचें पाऊल ओळखूं येत नाहीं. दुसऱ्याच्या वाडींतील नारळास कधीं हात न लावणारा मनुष्य नांगरतांना सामाईक बांध वीतभर सरकवितो, आणि मुलाबाळांच्या पोटासाठीं केलें, असें मनास सांगतो. लेंट येतांच तो मांसाहार सोडतो; ती वीतभर जमीन मात्र सुटत नाहीं. (चहा सोडणें तर त्याहून सोपें, हें प्रस्तुत लेखक अनुभवानें सांगतो.)

"मी पापी आहें" असें उपासनेंत सर्वांबरोबर म्हणतांना जीभ अडखळत नाहीं. "मी अमक्याचें इतकें देणें लागतों" असें एकट्यानें, दिवा मालविण्यापूर्वीं, नांव व आंकडा घेऊन म्हणूं लागावें, म्हणजे ती अडखळते. यहूदी शास्त्र्यांचा जुना निर्णय असा आहे कीं, शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाचें क्षालन, त्या शेजाऱ्याची समजूत घातल्यावांचून, प्रायश्चित्ताच्या दिवसानेंही होत नाहीं. प्रभूनेंही वेदीपुढें आलेल्या मनुष्यास अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाकडे पाठविलें. जक्कयानें तर आंकडाच सांगितला : अर्धें द्रव्य दरिद्र्यांस, आणि अन्यायानें घेतलेल्याची चौपट परत.

दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसास शिळा सण म्हणत. त्या दिवशीं दारें उघडून गोरगरिबांस दान देत व एकमेकांच्या भेटीस जात. जक्कयाच्या घरीं प्रभु उतरला, तेव्हां लोक कुरकुर करीत होते. ज्यांचे पैसे जक्कयानें नाडून घेतले होते, असेही कित्येक त्यांत असतील. त्यांपैकीं पहिल्याच्या उंबरठ्यावर थैली घेऊन तो उभा राहिला तेव्हां काय बोलला, तें लूक सांगत नाहीं.