चाळीस पीएस आणि आळंदी रस्ता

विश्रांतवाडी चौकातून आळंदी रस्त्याला लागले की कळस, दिघी, मॅगझीन चौक, आळंदी आणि पुढे चाकण. याच चाकणमध्ये बजाज ऑटोचा कारखाना आहे. ऑस्ट्रियाच्या केटीएमची ३९० ड्यूक तिथे बनते आणि ब्रिटनच्या ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा. जानेवारी २०२३ मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. त्यामुळे तरुणांच्या स्वप्नातल्या गाड्या विश्रांतवाडीकरांसाठी फार लांबच्या नाहीत. त्या शेजारच्या तालुक्यात तयार होतात आणि संध्याकाळी धानोरी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीसमोर उभ्या दिसतात.

त्यातलीच एक म्हणजे पल्सर एनएस४००झेड. ३ मे २०२४ रोजी ती बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती १ लाख ८५ हजार रुपये. ३७३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे एक सिलिंडरचे इंजिन, ४० पीएस ताकद, ३५ न्यूटन-मीटर टॉर्क, १७४ किलो वजन. जून २०१३ मध्ये पहिली ३९० ड्यूक भारतात आली, तीही दिल्लीत १ लाख ८० हजारांना. म्हणजे अकरा वर्षांत पेट्रोल, भाडे, शाळेची फी सारे वाढले, पण चाळीस पीएसच्या गाडीचा भाव जवळपास तिथेच राहिला. २०२५ च्या सुधारित एनएस४००झेडची ताकद तर ४३ पीएसवर गेली.

ही ताकद नेमकी किती, हे घरातल्या गाडीशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. ११२ किलोची स्प्लेंडर प्लस ८ पीएसच्या आसपास ताकद देते. दोन्ही गाड्यांवर ७५ किलोचा माणूस बसवला आणि दर किलोमागची ताकद काढली, तर एनएस४००झेडची स्प्लेंडरच्या पावणेचार पट भरते. शून्यापासून ६० किलोमीटरचा वेग गाठायला तिला तीन सेकंदांच्या आसपास पुरतात. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीत मोटारसायकलसाठी कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर आहे. म्हणजे सिग्नल हिरवा झाल्यावर पुढचा रिक्षावाला पहिला गिअर टाकतो, तेवढ्या वेळात कायद्याने दिलेला वेग संपलेला असतो.

स्कूटर किंवा सव्वाशे सीसीवरून थेट अशा गाडीवर येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. या लेखातले अनुभवाचे बोल त्यांच्यासाठी आहेत.

प्रस्तुत लेखकाने ही गाडी पहिल्यांदा चालवली ती सकाळी लवकर, विश्रांतवाडी चौकातून दिघीच्या दिशेने. सुरुवातीला गाडी धाक दाखवत नाही, उलट विश्वास वाटायला लावते. क्लच हलका आहे. सीटची उंची ८०० मिलिमीटरच्या थोडी वर असल्याने मध्यम उंचीच्या माणसाचे पाय बऱ्यापैकी टेकतात. हँडल रुंद असल्याने गर्दीत गाडी सहज वळते. नेकेड गाडीला पुढे फेअरिंग नसते, बसायची पद्धत ताठ असते, समोरचा रस्ता उघडा दिसतो. १९९२ च्या कोलोन प्रदर्शनात डुकाटीने मॉन्स्टर दाखवली, तेव्हापासून या घाटाच्या गाड्यांना जगभर मागणी आली. शहरात चालवायला त्या सोयीच्या वाटतात, हेच त्याचे मोठे कारण.

दोन गोष्टी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच कळतात. एक, सिग्नलला थांबल्यावर रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायांवर येते. दुसरी, एक सिलिंडरच्या इंजिनाला कमी आरपीएमवर वरचा गिअर आवडत नाही. वीसच्या वेगाला तिसरा गिअर ठेवला की ती धक्के देते, खालचा गिअर टाकला की एकदम उचलते. चौकातल्या रेंगाळणाऱ्या गर्दीत हे दोन्ही टाळायचे, तर पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा क्लच यांची सवय करावी लागते.

खरा फरक कळला तो दिघीच्या अलीकडे. पुढे पाण्याचा टँकर होता. सव्वाशे सीसीवर टँकर ओलांडायचा तर आधी एक गिअर कमी करायचा, कान पूर्ण पिळायचा आणि मग गाडी वेग घेईपर्यंत वाट पाहायची. वर्षानुवर्षांच्या या सवयीने मनगट आपोआप फिरते. इथे मनगट थोडेसेच फिरले, टँकर मागे पडला आणि मघाशी लांब वाटणारी रिक्षा एकदम पुढ्यात आली. तिच्या मागच्या पाटीवरची अक्षरे वाचता येऊ लागली. पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली तेव्हा बोटांखाली बारीक थरथर जाणवली. चाक जाम होऊ न देणारे एबीएस कामाला लागले होते. गाडी सरळ रेषेत थांबली, मध्ये हातभर जागा उरली.

ब्रेकने आपले काम चोख केले. चुकला होता तो डोळ्यांचा हिशोब. कमी ताकदीच्या गाडीवर पुढची मोकळी जागा पाहून डोळे जो अंदाज बांधतात, तो त्या गाडीच्या पिकअपपुरता असतो. नव्या गाडीवर तीच जागा निम्म्या वेळात संपते. जुना अंदाज जाऊन नवा बसायला आठवडे लागतात आणि धोका याच आठवड्यांत जास्त असतो.

इथे थोडे गणित पाहावे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, ताशी ५० च्या वेगावरून थांबायला साधारण चौदा मीटर लागतात. १०० च्या वेगावर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे सुमारे पंचावन्न मीटर. धोका दिसल्यापासून बोटे लिव्हरवर दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर त्या सेकंदात १०० च्या वेगाची गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते. एकूण ८३ मीटर. आळंदी रस्त्यावर ८३ मीटरच्या आत एक बसथांबा, दुभाजकातली एक फट आणि रस्ता ओलांडणारी चार माणसे सहज असतात.

ताकद आणि ब्रेक यांचा मेळ बसला नाही तर काय होते, हे महाराष्ट्रातल्या आधीच्या पिढीने राजदूत ३५० वर पाहिले आहे. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी३५० वर आधारलेली ही गाडी भारतात बनवली. तिच्या हाय टॉर्क आवृत्तीची ताकद ३०.५ बीएचपी होती, त्या काळी रस्त्यावरच्या इतर गाड्यांच्या कितीतरी पुढे. पण मूळ जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक इथे नव्हता, दोन्ही चाकांना ड्रम होते. गाडी पळायची झकास, थांबताना मात्र चालकाचा कस लागायचा. आजच्या गाडीत तो दोष उरलेला नाही. एनएस४००झेडला पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आहे. १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, हा फार मोलाचा बदल आहे.

तरीही या यंत्रणेच्या मर्यादा गाडी घेणाऱ्याला माहीत असायला हव्यात. साधे एबीएस गाडी सरळ उभी असताना उत्तम काम करते. गाडी वळणात झुकलेली असताना जोरात ब्रेक मारला, तर टायरची पकड वळणासाठी आधीच खर्ची पडलेली असते. तिसऱ्या पिढीच्या ३९० ड्यूकमध्ये गाडीचा झुकाव मोजून ब्रेक सांभाळणारे कॉर्नरिंग एबीएस आहे. एनएस४००झेडमध्ये ते नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात हात स्थिर ठेवायचा. ट्रॅक्शन कंट्रोलही मागच्या चाकाची घसरण आवरते, पुढच्या रिक्षापासूनचे अंतर ते मोजत नाही.

आता पहिल्या हजार किलोमीटरांबद्दल.

नवी गाडी शोरूममधून निघते तेव्हा टायर गुळगुळीत असतात. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण येत नाही, ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसायचे असतात. या काळात जोरात झुकवणे, अचानक कान पिळणे, सिग्नलवरून झेप घेणे टाळावे. रनिंग-इनच्या आरपीएमची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, ती इंजिनाइतकीच चालकाच्याही उपयोगाची आहे. पहिली सर्व्हिस चुकवू नये. चेन सैल आहे का, टायरची हवा बरोबर आहे का, हे दर आठवड्याला पाहावे. चाळीस पीएस खेचणारी चेन सव्वाशेच्या चेनपेक्षा लवकर लक्ष मागते.

मोडची निवडही विचाराने करावी. या गाडीत रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड असे चार मोड आहेत. पहिल्या आठवड्यात रेन मोडवर चालवण्यात कमीपणा काहीच नाही, कारण त्यात गाडीचा प्रतिसाद मवाळ होतो आणि मनगटाला शिकायला उसंत मिळते. ऑफ-रोड मोड मातीसाठी आहे, डांबरावर त्याचे काम नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा सराव ब्रेकचा. आपल्याकडे घराघरांत वडीलधारे बजावत आले आहेत, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील.’ ड्रम ब्रेकच्या आणि खडीच्या रस्त्यांच्या काळात या सल्ल्यात तथ्य होते. आज याच सवयीने माणूस अडचणीत येतो, कारण जोरात थांबताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. म्हणून परवानगी घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या पार्किंगच्या जागेत, कोरड्या पक्क्या जमिनीवर, आधी ३०, मग ४०, मग ५० च्या वेगावरून थांबून पाहावे. लिव्हर खटकन ओढायची नाही, फडके पिळावे तशी दाबत न्यायची. मागचा ब्रेक सोबत, क्लच शेवटी, नजर दूरवर. एबीएसची थरथर एकदा ओळखीची झाली की खऱ्या प्रसंगी माणूस दचकून लिव्हर सोडत नाही.

रस्त्याचे स्वभावही पाठ करावेत. आळंदी रस्त्यावर गटाराच्या चेंबरची झाकणे, खोदाईनंतर टाकलेली खडी आणि वळणावर सांडलेले डिझेल नेहमीचेच. जूनच्या पहिल्या पावसात डांबरावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन रस्ता साबणासारखा होतो. आषाढी वारीत माउलींची पालखी याच रस्त्याने दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्यात येते. एरवीही एकादशीला पहाटेच्या अंधारात आळंदीकडे पायी जाणारे वारकरी कडेने चालत असतात. सकाळचा मोकळा दिसणारा रस्ता आपल्या मालकीचा नाही, हे अशा वेळी ध्यानात ठेवावे.

अंगावरच्या कपड्यांचा खर्च गाडीच्या बजेटमध्येच धरावा. फेअरिंग नसल्याने नव्वदच्या पुढे वारा थेट छातीवर आदळतो आणि माणूस नकळत हँडल घट्ट धरतो. आयएस ४१५१ चा शिक्का असलेले, मापाचे, फुल-फेस हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि कोपर-खांद्याला संरक्षण देणारे जॅकेट एवढे तरी हवेच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट तितकेच गरजेचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ होती, आणि हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू ५०,०२९. हा आकडा वाचून छातीत धस्स होते. यांतले कित्येक जण तरुण होते.

पैशांचे आणखी एक. ३५० सीसीवरच्या गाडीचा पाच वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरांनुसार १५,११७ रुपये आहे, १५० ते ३५० सीसीसाठी तो ७,३६५. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला. एक्स-शोरूमचा आकडा पाहून पुढे जाणाऱ्यांनी ऑन-रोड किंमत आणि त्यात हेल्मेट-जॅकेट मिळवून हिशोब करावा.

आणि शेवटी परवान्याचा प्रश्न. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळाला की शंभर सीसी आणि हजार सीसी दोन्ही चालवायला तोच पुरतो. परीक्षेत आठचा आकडा काढताना गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने फिरते. युरोपीय संघाने जानेवारी २०१३ पासून तीन टप्पे लागू केले आहेत: आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत आणि त्यानंतर मोठी गाडी. ब्रिटनमध्ये परीक्षार्थीला ताशी ५० च्या वेगावरून तातडीने थांबून दाखवावे लागते. एनएस४००झेड आणि ३९० ड्यूक या दोन्ही गाड्या त्या मधल्या टप्प्यात बसतात, म्हणजे तिथे त्या सगळ्यांत खालच्या टप्प्यातल्या गाड्या मानल्या जात नाहीत.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर गाडी विकणाऱ्यांना एक गोष्ट आजही करता येईल. चावी देताना हार, पेढे आणि फोटो असतात, तशी पुढच्या रविवारी दोन तासांच्या ब्रेक सरावाची वेळही ठरवून द्यावी. त्यासाठी मोकळे मैदान, चार कोन आणि एक जाणता शिक्षक एवढेच लागते. शोरूमने आपणहून विचारले नाही, तर गाडी बुक करणाऱ्याने पैसे भरण्याआधी तशी मागणी करावी, आणि मुलासाठी गाडी घेणाऱ्या आई-वडिलांनी तर हे ठरल्याशिवाय सही करू नये.