अंतराळस्थानकातील जीवन आणि श्रमाची प्रतिष्ठा

इतिहास शिकविणाऱ्याने अंतराळावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु माणूस जेथे वस्ती करतो तेथे त्याचा इतिहास सुरू होतो. आणि २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातील मानवी वस्ती एक दिवसही खंडित झालेली नाही. त्या दिवशी अमेरिकेचे विल्यम शेपर्ड आणि रशियाचे युरी गिदझेन्को व सर्गेई क्रिकालेव्ह हे तिघे तेथे राहावयास गेले. त्यांच्या आरंभीच्या कामांत अन्न गरम करण्याची सोय लावणे, हवा शुद्ध करणारी यंत्रे चालू करणे आणि शौचालय सुरू करणे, अशी कामे होती. नव्या जागी बिऱ्हाड मांडणाऱ्या कोणत्याही कुटुंबाची कामे याहून फारशी वेगळी नसतात. ही कामे तेथे कोण करतो आणि त्या कामांना तेथे कोणती किंमत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्थानकाचे स्वरूप

हे स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरते. एका प्रदक्षिणेस सुमारे नव्वद मिनिटे लागतात; त्यामुळे तेथील रहिवाशांना चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय दिसतो. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्या उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातील माणसे एकाच वेगाने पृथ्वीभोवती सतत पडत राहतात, म्हणून त्यांना वजन जाणवत नाही.

वजन नसणे हे ऐकावयास सुखाचे वाटते. शरीराला मात्र ते मानवत नाही. भार न पडल्याने स्नायू झिजतात आणि भार पेलणाऱ्या हाडांतील खनिज महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. म्हणून प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

हवा आणि पाणी

जमिनीवर गरम हवा वर जाते आणि थंड हवा तिची जागा घेते. वजनविरहित अवस्थेत हे अभिसरण होत नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साठून राहू शकतो. त्यामुळे तेथे पंखे अखंड चालू ठेवावे लागतात. पाण्याचे विद्युत अपघटन करून प्राणवायू मिळविला जातो. म्हणजे तेथे श्वासदेखील पाण्यावर अवलंबून आहे.

आणि पाणी कोठून येते? काही पृथ्वीवरून नेतात. परंतु बहुतेक पाणी पुन्हा पुन्हा तेच वापरले जाते. उच्छ्वासातील बाष्प, अंगाचा घाम आणि मूत्र हे सर्व एकत्र केले जाते. मूत्रातील पाणी कमी दाबाखाली ऊर्ध्वपातनाने वेगळे काढतात, पुढे गाळतात, रासायनिक प्रक्रियेने शुद्ध करतात आणि तपासून पिण्यास देतात. २००८ साली ही मूत्रशुद्धीची यंत्रणा स्थानकात पोहोचली आणि २०२३ साली वापरलेल्या पाण्यापैकी ९८ टक्के पाणी परत मिळविण्याचे उद्दिष्ट साध्य झाले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या यंत्रणेत अनेकांच्या देहातील पाणी एक होते आणि तेच पाणी पुन्हा प्यायले जाते. हे पाणी कोणाच्या स्पर्शाचे, असा प्रश्न तेथे कोणी विचारू शकत नाही. ज्या समाजाला सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा आपला हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, त्या समाजातील विद्यार्थ्याने ही गोष्ट केवळ विज्ञानाची माहिती म्हणून वाचू नये. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो. एकाचा श्वास दुसऱ्याच्या पाण्यावर आणि दुसऱ्याचे पाणी तिसऱ्याच्या श्रमावर कसे अवलंबून असते, हे तेथे रोज प्रत्यक्ष दिसते.

झाडलोट करणारे हात

स्थानकात धूळ खाली बसत नाही. त्वचेचे कण, केस, कपड्यांचे तंतू आणि अन्नाचे कण हवेबरोबर तरंगत जाऊन गाळण्यांच्या जाळीवर अडकतात. जाळी तुंबली की हवा खेळत नाही. ओलावा साचला तर बुरशी धरते. रशियाच्या मीर स्थानकात पटलांमागे तसे घडले होते. म्हणून साधारणतः दर शनिवारी सर्व जण मिळून साफसफाई करतात. जाळ्यांवरील धूळ यंत्राने ओढून घेणे, भिंती व कठडे जंतुनाशकाने पुसणे, कचरा बांधणे ही कामे सर्वांना वाटून दिलेली असतात.

शौचालयाची गोष्टही अशीच आहे. तेथे मैला हवेच्या झोताने ओढून घेतात, पिशवीत बंद करून डब्यात साठवितात आणि भरलेले डबे मालवाहू यानात ठेवतात. त्यांपैकी बहुतेक याने परतताना वातावरणात जळून नष्ट होतात. ते डबे बदलणे आणि बिघडलेली यंत्रणा उघडून दुरुस्त करणे ही कामे अंतराळवीरच करतात. कोणी वैमानिक, कोणी वैद्य, कोणी विद्यापीठातून विद्यावाचस्पती झालेला. परंतु सफाई कामगार असे वेगळे पद तेथे नाही. सकाळी ज्या हातांनी प्रयोग केला, तेच हात संध्याकाळी शौचालय साफ करतात आणि त्यामुळे त्या हातांची योग्यता कमी होत नाही.

आपल्या देशात हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली नव्याने झाला. तरीही गटारात गुदमरून माणसे मरतात आणि ती कोणत्या वस्तीतील असतात, हे वाचकांना सांगावयास नको. तंत्रज्ञानाची उणीव हे याचे खरे कारण नव्हे. चारशे किलोमीटर उंचीवर मैल्याची विल्हेवाट लावता येत असेल, तर जमिनीवर ती लावता येत नाही असे कसे म्हणावे?

जुन्या चालीरीतींचे ओझे

मात्र अंतराळात गेल्याने माणसाचे मन आपोआप शुद्ध होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १९८२ साली सोव्हिएत संघाच्या स्वेतलाना सावित्स्काया सल्यूत-७ या स्थानकात पोहोचल्या. अंतराळस्थानकात प्रवेश करणारी ती पहिली स्त्री. आधीपासून तेथे असलेल्या पुरुष सहकाऱ्यांनी थट्टेने त्यांच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन केला. त्या कुशल वैमानिक होत्या. आपले नाते कामाचे आहे, हे त्यांनी सहकाऱ्यांना जाणवून दिले. दोन वर्षांनी, २५ जुलै १९८४ रोजी, त्याच स्थानकाबाहेर पडून अंतराळात काम करणारी पहिली स्त्री होण्याचा मान त्यांनी मिळविला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा याच स्थानकात राहून आले होते. एप्रनचा प्रसंग लहान आहे. परंतु कामाची जुनी वाटणी माणूस आपल्या मनात घेऊन कोठवर जातो, हे त्यावरून कळते.

दुसरा प्रसंग अमेरिकेच्या स्कायलॅबचा. १६ नोव्हेंबर १९७३ रोजी जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग हे तिघे ८४ दिवसांच्या मुक्कामासाठी निघाले. तिघांचाही हा पहिलाच अंतराळप्रवास होता. तरीही आधीच्या तुकडीने अखेरीस गाठलेली गती गृहीत धरून त्यांचे वेळापत्रक आखले गेले. मिनिटामिनिटाची कामे खालून छापील पट्ट्यांवर येत. जेवणाची आणि विश्रांतीची वेळही कामात जाऊ लागली. चुका होऊ लागल्या. ‘अंतराळवीरांनी एक दिवस संप केला’ अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी मूळ नोंदी पाहाव्यात. नोंदींत संप आढळत नाही. ३० डिसेंबरला नियंत्रण कक्षाशी झालेले दीर्घ आणि स्पष्ट संभाषण आढळते. आम्हाला श्वास घेण्यास उसंत हवी, हे त्यांनी सांगितले. कक्षाने ते ऐकले. जेवण व सायंकाळ मोकळी ठेवण्यात आली आणि किरकोळ कामे सवडीनुसार करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर काम घटले नाही, उलट वाढले.

संप झाला असता तर कथा अधिक रंगली असती. पण खऱ्या घटनेचा बोध अधिक मोलाचा आहे. काम करणाऱ्याला बोलता आले पाहिजे आणि काम सांगणाऱ्याला ऐकता आले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगार हा प्रथम माणूस आहे, हे तत्त्व त्यामागे होते. अंतराळातही त्याला पर्याय सापडलेला नाही.

उद्याच्या वसाहती

१९७५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दहा हजार माणसांच्या वसाहतीचा आराखडा मांडण्यात आला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे एक प्रचंड चाक मिनिटाला एक फेरी घेईल आणि त्या फिरण्यामुळे आतील माणसांना जमिनीवरच्यासारखे वजन जाणवेल, अशी ती कल्पना होती. ती आजही कागदावरच आहे. परंतु चीनचे स्थानक २०२१ पासून कक्षेत आहे, भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे ठरविले आहे आणि खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात राहून आले.

सात माणसांच्या स्थानकात समता बव्हंशी गरजेपोटी येते. जागा थोडी, माणसे मोजकी. झाडलोट करावयास दुसरे आणावे कोठून? दहा हजारांच्या वसाहतीत ही सक्ती राहणार नाही. तेथे पैसे देऊन काम करवून घेणारे असतील आणि पोटासाठी ते करणारे असतील. हवा आणि पाणी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सर्वांचे प्राण असतील. तेव्हा समता गरजेवर सोडून चालणार नाही. ती नियमाने आणि संविधानाने बांधून घ्यावी लागेल, आणि त्या संविधानामागे बंधुभाव असावा लागेल. हे काम अभियंत्यांचे एकट्यांचे नाही. कायदा, इतिहास आणि समाजशास्त्र शिकलेल्यांचेही आहे.

अतिसाराने आजारी पडून आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतःच्या हातांनी धुतले, अशी कथा विनयपिटकात आहे. त्या प्रसंगी शास्ता आणि सेवक हा भेद उरला नव्हता. आपल्या वसतिगृहातही दर आठवड्याला स्वच्छतेची पाळी येते आणि ती चुकविण्याच्या सबबी मी इतक्या वर्षांत पुष्कळ ऐकल्या आहेत. आपल्यापैकी कोणी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी उद्या भारताच्या स्थानकात गेला, तर तेथेही त्याला ही पाळी चुकणार नाही. ती मान ताठ ठेवून करता येणे, आणि दुसऱ्याच्या जन्मावरून ती त्याच्यावर न लादणे, हे शिक्षण मात्र येथून, जमिनीवरूनच घेऊन जावे लागेल.