अभयाची साधना

रुग्णांची सेवा करावी असे अनेकांना मनापासून वाटते. परंतु त्या वाटेवरचा पहिला अडसर पुष्कळदा स्वतःच्याच ठायी असतो. रक्त किंवा उघडी जखम दृष्टीस पडताच काही जणांना भोवळ येते. हा भित्रेपणा नव्हे. तो शरीराचा धर्म आहे. अशा वेळी हृदयाची गती एकाएकी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला पुरेसे रक्त मिळेनासे होते आणि मनुष्याची शुद्ध हरपते.

थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन हा इ. स. १८२५ मध्ये एडिंबरो येथे वैद्यक शिकण्यास गेला. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास भूल देण्याची सोय नव्हती. ते दृश्य त्यास साहवेना. तो तेथून निघून गेला आणि पुढे त्याने वैद्यकाचा अभ्यासही सोडला. महाराष्ट्रातील एक पुरुष मात्र असाच पळाला आणि परत फिरला. ते होते बाबा आमटे.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. ते वकील होते. आगगाडीत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांशी ते एकटे झुंजले. हे कळल्यावर महात्मा गांधींनी त्यांस ‘अभयसाधक’ म्हटले.

पुढे एकदा वरोरा येथे पावसात भिजत पडलेला एक कुष्ठरोगी त्यांना दिसला. त्याचे नाव तुळशीराम. त्याची बोटे झडली होती आणि व्रणांत किडे पडले होते. सैनिकांना न भ्यालेले बाबा त्याला पाहून भ्याले आणि घराकडे धावत सुटले. परंतु मनाला चैन पडेना. ज्याला अभयसाधक म्हणतात तो एका असहाय माणसाला भिऊन पळाला, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले. तुळशीरामावर त्यांनी आडोसा उभारला, त्याला अन्न भरवले आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली.

एवढ्याने भय संपले नाही. ते जिंकण्यासाठी बाबांनी रोगाचे ज्ञान मिळवले. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी स्वतःच्या देहात कुष्ठजंतू टोचून घेण्यासही ते तयार झाले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर ‘आनंदवन’ उभे राहू लागले. या कार्यात साधनाताई त्यांच्या बरोबरीने राबल्या. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले.

कुष्ठरोग सहजासहजी जडत नाही आणि औषधांनी तो पूर्ण बरा होतो, हे आज आपण जाणतो. ज्ञानाचा दिवा लागला की भयाचा अंधार ओसरतो.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यापाड्यांतील ज्या मुलामुलींना अशा रुग्णालयांत परिचर्येचे काम करावयाचे असेल, त्यांनी रक्त पाहून भोवळ येते म्हणून निराश होऊ नये. आपली अडचण शिक्षकांस मोकळेपणी सांगावी. प्रथम चित्र पाहावे, मग लहानशी जखम, मग मोठी, असे पायरीपायरीने पुढे जावे. भोवळ येईलसे वाटताच खाली बसून हातापायांचे स्नायू काही क्षण घट्ट आवळावेत. त्याने रक्ताचा दाब पुन्हा वाढतो. सवयीने हे भय हळूहळू ओसरते. ज्याने स्वतःचे भय ओळखले आहे, तोच रुग्णाच्या मनातील भयही चटकन ओळखू शकतो.

शब्दार्थ : अडसर – अडथळा, व्रण – जखम, परिचर्या – रुग्णाची शुश्रूषा.

स्वाध्याय
१. रक्त पाहून काही जणांना भोवळ का येते?
२. ‘अभयसाधक’ हे नाव बाबांनी दोनदा कसे सार्थ केले?
३. डार्विन व बाबा आमटे यांच्या वागण्यातील साम्य व भेद सांगा.